बाससाठी कुठलं पाणी चांगलं? मला सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी डॅलसच्या पूर्वेला राहतो आणि सुट्टी मिळाली की बासच्या मागे असतो. इथल्या मराठी मंडळींमध्ये कुणीतरी नवीन रॉड घेतो आणि आठवड्याभरात मला मेसेज येतो, "कुठल्या लेकवर जाऊ?" तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून सगळे एकत्र लिहिलेत. इथे बास म्हणजे लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला शिकारी मासा, आणि बहुतेक उदाहरणं टेक्सासची आहेत कारण ते पाणी मी बघितलंय.

१. सगळे म्हणतात अमुक लेक भारी आहे, पण "भारी" म्हणजे नेमकं काय?

आधी हे ठरवा की तुम्हाला भरपूर मासे हवेत का एक मोठा मासा हवाय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सहसा एकाच पाण्यात एकाच दिवशी दोन्ही मिळत नाहीत. फेब्रुवारीत एकदा मी लेक फोर्कवर नऊ तास काढले, बोटं गारठून रीळ फिरवता येईना, दिवसभरात दोन मासे लागले, त्यातला एक ७ पाऊंडांचा. त्याच आठवड्यात गावातल्या पार्कमधल्या तळ्यावर मुलीला घेऊन गेलो तर दोन तासांत अकरा बास, सगळे १० ते १२ इंचांचे. यातलं कुठलं पाणी चांगलं? मुलीला विचारलंत तर तळं, मला विचारलंत तर फोर्क, आणि दोघांचंही बरोबर आहे. त्यामुळे कुणी लेकची तारीफ केली की पहिला प्रश्न हाच करा, संख्येला चांगला का साइजला?

२. दोन लेकची तुलना करायची तर मोजायचं काय?

तास. मासे सगळेच मोजतात, तास कुणी मोजत नाही. "शनिवारी आठ मासे मिळाले" याला काही अर्थ नाही जोपर्यंत तुम्ही चार तास गळ टाकत होतात का बारा, आणि बोटीवर एकटे होतात का तिघं, हे सांगत नाही. तिघं चार तास असतील तर ते बारा तास धरायचे.

एक साधी वही ठेवा. तारीख, लेक, किती तास, पाण्याचं तापमान, पाणी किती स्वच्छ, किती मासे, प्रत्येकाची लांबी. आणि ज्या दिवशी काहीच लागलं नाही तो दिवस तर नक्की लिहा, लोक नेमका तोच गाळतात आणि मग त्यांच्या वहीत प्रत्येक लेक सोन्याची खाण दिसते. एका लेकचे निदान आठ-दहा दिवस जमल्याशिवाय मत बनवू नका, एका ट्रिपवरून लेकला नावं ठेवणं म्हणजे एका दिवसाच्या पावसावरून अख्खा पावसाळा ठरवण्यासारखं आहे.

३. तासाला किती मासे म्हणजे चांगलं?

मोठ्या सार्वजनिक लेकवर सगळ्या लोकांचं मिळून बघितलं तर दोन तासांत एक बास, म्हणजे तासाला अर्धा, हे ठीकठाक धरतात. तासाला एक म्हणजे छानच. यूट्यूबवर दिसतं ते कापून जोडलेलं असतं, त्याच्याशी तुलना करून नाराज होऊ नका. छोट्या खासगी तळ्यात तासाला चार-पाचही होतात पण ते वेगळं प्रकरण आहे, प्रश्न १० बघा.

४. आमच्याकडे दोन लेक अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत, ऊन तेच, पाऊस तोच, पण एकात मासे जाडजूड आणि दुसऱ्यात नुसती डोकी मोठी. असं का?

खाणं. बास हा साखळीच्या टोकाला बसलेला मासा आहे. पाण्यात फॉस्फरस आणि नायट्रोजन आलं की त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, बारीक जीव त्यांना खातात, त्या सगळ्यावर शॅड आणि ब्लूगिल हे छोटे मासे जगतात आणि त्यांना बास खातो. ढोबळ हिशोब असा की बासचं वजन १ पाऊंड वाढायला त्याला साधारण १० पाऊंड मासे खावे लागतात. म्हणजे खाली भरपूर पेरलं असेल तरच वर काही उगवणार. ज्या लेकला शेतीच्या सुपीक जमिनीवरून पाणी येतं आणि जिथे थ्रेडफिन शॅडचे थवेच्या थवे असतात तिथे बास फुगतात, खडकाळ किंवा वाळूच्या जमिनीवरून पाणी येत असेल तर कमी.

मासा जाड आहे का बारीक हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. चांगल्या अंगाच्या लार्जमाउथचं वजन १२ इंचांना साधारण ०.९ पाऊंड, १५ इंचांना १.८, १८ इंचांना ३.३ आणि २० इंचांना ४.७ पाऊंड असतं. तुमच्या माशाचं वजन भागिले हे वजन गुणिले शंभर, याला रिलेटिव्ह वेट म्हणतात. ९५ ते १०० च्या आसपास असेल तर मासा खाऊन पिऊन सुखी आहे, ८५ च्या खाली सगळेच येत असतील तर त्या पाण्यात तोंडं जास्त आणि घास कमी आहेत. मी अशा एका लेकवर १८ इंचांचा मासा धरला होता, हातात घेतला तर पोट आत गेलेलं, पाठीचा कणा अंगठ्याला लागत होता, काट्यावर जेमतेम अडीच पाऊंड भरला. त्या एका माशाने मला लेकबद्दल जेवढं सांगितलं तेवढं आमिष विकणाऱ्या दुकानदाराने वर्षभरात सांगितलं नव्हतं.

फक्त वजन ऋतूप्रमाणे हलतं हे लक्षात ठेवा. मार्चमधली अंड्याने भरलेली मादी आणि मे महिन्यातली अंडी टाकून थकलेली मादी यांची तुलना करू नका.

५. मग हिरवट पाणी चांगलं का काचेसारखं स्वच्छ?

पिकाच्या दृष्टीने हलकं हिरवं चांगलं. अगदी स्वच्छ निळं पाणी दिसायला सुंदर असतं पण बहुतेक वेळा ते उपाशी पाणी असतं. लोकांना वाटतं स्वच्छ म्हणजे निरोगी, म्हणून भारी, पण बासच्या वाढीसाठी थोडं सुपीक पाणीच लागतं. उलटीकडे फार खत उतरलं तर शेवाळाचा दाट थर, रात्री ऑक्सिजन खाली जातो आणि उन्हाळ्यात सकाळी मासे मरून तरंगताना दिसतात. आणि चहासारखं मातीचं गढूळ पाणी हा तिसराच प्रकार, त्यात ऊन आत जात नाही त्यामुळे हिरवं काही वाढत नाही, आणि बास डोळ्यांनी शिकार करतो म्हणून त्यालाही त्रास. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडा, दोन ते चार फुटांवर दिसेनाशी झाली तर माझ्या मते छान पाणी.

६. पाण्यात गवत भरपूर असेल तर चांगलं ना?

काही प्रमाणात, हो. लेकच्या साधारण २० ते ४० टक्के भागात पाणवनस्पती असणं बाससाठी उत्तम समजतात, कारण पिल्लांना लपायला जागा मिळते आणि ती जगतात. त्यापेक्षा फार वाढलं, हायड्रिला या पाणवनस्पतीने लेक गच्च भरला, तर ब्लूगिलची पिल्लं इतकी सुरक्षित होतात की बासला ती पकडताच येत नाहीत, मग तो हळू वाढतो. पण गवत असलेल्या पाण्यात मासा कुठे असेल हे सांगणं सोपं असतं, कडेकडेने टाकत जायचं. त्यामुळे गवत असलेला लेक आपल्याला कधी कधी आहे त्यापेक्षा जास्त श्रीमंत भासतो, हा फरक ध्यानात ठेवा.

उलट उदाहरण ह्यूस्टनच्या उत्तरेचा लेक कॉन्रो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथलं हायड्रिला संपवायला गवत खाणारे ग्रास कार्प मासे सोडले आणि त्यांनी सगळंच फस्त केलं, तळच उघडा पडला.

७. नवीन धरणात मासे जास्त असतात म्हणे, खरं आहे का?

खरं आहे. धरण पहिल्यांदा भरतं तेव्हा गवत, झुडपं, शेतं पाण्याखाली जाऊन कुजतात, त्यातून खत सुटतं, पिल्लांना लपायला जागाच जागा असते आणि मोठे शत्रू अजून नसतात. पहिली पाच ते दहा वर्षं बासची चंगळ असते, मग हळूहळू झाडं कुजून पडतात, गाळ साचतो आणि उतार लागतो.

पण यात एक गंमतशीर अपवाद आहे, जुना लेकसुद्धा परत नवीन होऊ शकतो. पश्चिम टेक्सासचा ओ. एच. आयव्ही घ्या, १९९० मधलं धरण. दुष्काळात वर्षानुवर्षं पाणी खाली गेलं, उघड्या पडलेल्या जमिनीवर झुडपं माजली, आणि २०१८-१९ च्या सुमारास पाणी परत चढलं तेव्हा ती सगळी बुडाली. २०२१ पासून तिथे १३ पाऊंडांच्या वरचे मासे एकामागून एक निघायला लागले, फेब्रुवारी २०२२ मध्ये १७.०६ पाऊंडांचा निघाला. त्याच्या पाच वर्षं आधी त्या लेकचं नाव कुणी काढत नव्हतं. म्हणून मी लेक निवडताना मासे बघण्याआधी गेल्या सात-आठ वर्षांची पाण्याची पातळी बघतो, वसंतात पाणी झुडपांत चढलं असेल तर त्या वर्षीची पिल्लं भरपूर जगतात आणि तीन-चार वर्षांनी ती आपल्या गळाला येतात.

८. लेक फोर्क एवढा फेमस का? अजूनही तसाच आहे का?

डॅलसपासून दीडेक तासावर, साधारण २७,००० एकर, १९८० मध्ये भरायला सुरुवात झाली. फोर्कचं वेगळेपण म्हणजे तिथे बऱ्याच गोष्टी एकत्र जुळल्या. पूर्ण भरण्याआधीपासूनच फ्लोरिडा जातीचे बास सोडले, पाण्यात उभी झाडं तशीच ठेवली, जमीन सुपीक, आणि सुरुवातीपासून मोठे मासे घरी न्यायला बंदी. आज तिथे १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास सोडून द्यावा लागतो, दिवसाला पाच ठेवता येतात आणि त्यात २४ इंचांच्या वरचा फक्त एक.

नोव्हेंबर १९८६ मध्ये फोर्कमधून १७.६७ पाऊंडांची मादी निघाली, लोक तिला एथेल म्हणत, टेक्सासच्या शेअरलंकर कार्यक्रमातला तो पहिला मासा. या कार्यक्रमात १३ पाऊंडांच्या वरचा मासा जानेवारी ते मार्चमध्ये टेक्सासमधल्याच अथेन्स गावच्या सरकारी हॅचरीला (मासे पैदास केंद्राला) पिल्लांसाठी उसना देता येतो. जानेवारी १९९२ मध्ये फोर्कमधूनच १८.१८ पाऊंडांचा निघाला आणि तो अजून टेक्सासचा रेकॉर्ड आहे.

आता तसाच आहे का? सुरुवातीची ती चंगळ आता नाही, पण चाळीस वर्षं झाल्यावरही तिथे ८-१० पाऊंडांचा मासा लागण्याची आशा धरता येते, आणि मला यात सगळ्यात जास्त कौतुक त्या नियमाचं वाटतं. गर्दी मात्र प्रचंड असते आणि रोज शेकडो लूर (खोटी आमिषं) डोक्यावरून जाऊन मासे शहाणे झालेत. नवशिक्या माणसाला मी पहिल्या दिवशी फोर्कला पाठवत नाही.

९. माझा भाऊ मिनेसोटात आहे, तो म्हणतो आमच्याकडे दिवसाला तीस बास मिळतात. मग टेक्सास, फ्लोरिडाचं एवढं कौतुक का?

भाऊ खोटं बोलत नाहीये. उत्तरेला संख्या उत्तम मिळते, पण तिथे लेक कित्येक महिने बर्फाखाली असतो आणि थंड पाण्यात बास जवळजवळ खात नाही. दक्षिणेत चांगल्या लेकमध्ये बास दोन-तीन वर्षांत १४ इंच होतो, मिनेसोटात त्याला पाच-सहा वर्षं लागतात. त्यात फ्लोरिडाचा बास मुळातच मोठा होणारा आहे, जनुकांच्या अभ्यासावरून आता तर शास्त्रज्ञ त्याला वेगळी जातच मानतात. टेनेसीत चिकमॉगा लेकमध्ये २००० सालापासून हे फ्लोरिडाचे बास सोडले आणि २०१५ मध्ये तिथून १५ पाऊंडांच्या वरचा मासा निघून राज्याचा जुना रेकॉर्ड मोडला.

म्हणून मिनेसोटाचा ५ पाऊंडी मासा आणि टेक्सासचा ५ पाऊंडी मासा एका मापाने तोलू नका. तिकडचा तो १२ वर्षांचा म्हातारा असू शकतो, त्याला जपून सोडा. पाण्यांची तुलना करायची तर त्याच भागातल्या पाण्यांशी करा.

१०. घरामागच्या पाँडमध्ये मोठ्या लेकपेक्षा जास्त मासे लागतात. म्हणजे पाँड जास्त चांगला का?

एकराच्या हिशोबाने बऱ्याचदा हो. लेकमध्ये हजारो एकर रिकामं खोल पाणी असतं जिथे बास नसतोच, पाँडमध्ये तुमचा प्रत्येक कास्ट (गळाची फेक) माशाच्या जवळपास पडतो. त्यामुळे तासाला मिळणारे मासे हे "पाण्यात किती आहेत" आणि "ते किती सहज सापडतात" या दोन्हींचं मिश्रण असतं, हे वेगळं करता आलं पाहिजे. ॲलाबामाच्या ऑबर्नला १९३० च्या दशकापासून पाँडवर काम झालंय, बास आणि ब्लूगिल एकत्र सोडायची पद्धत तिथलीच. खत घातलेला पाँड न घातलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मासे पोसतो हेही तिथेच दाखवलं.

पण पाँड पटकन बिघडतो, पुढचा प्रश्न वाचा.

११. आमच्या पाँडमध्ये शंभर बास निघतात पण सगळे १० इंचांचेच. थांबलो तर मोठे होतील ना?

नाही होणार. ते लहान नाहीत, ते खुरटलेत. त्यातले कित्येक चार-पाच वर्षांचे असतील. सगळेच सोडून द्यायची सवय इथे नडते, कारण एका ताटावर दहा जण बसलेत. असे लहान बास काढायला हवेत, साधारण वर्षाला एकरी १० ते २० पाऊंड, म्हणजे उरलेल्यांना खायला मिळतं. खासगी पाँड असेल तर मालकाशी बोला, सार्वजनिक असेल तर तिथले नियम आधी बघा. मी स्वतः सोडून देणारा माणूस आहे पण अशा पाँडमधले १०-११ इंची बास रवा लावून तळून खातो आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही, ते पाण्याच्याच भल्याचं आहे.

१२. सरकारी सर्व्हे रिपोर्ट कसा वाचायचा?

टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफवाले बोटीतून पाण्यात सौम्य वीज सोडून मासे गुंगवतात, मोजतात, मापतात आणि सोडून देतात. रिपोर्टमध्ये तासाला किती बास आले हे असतं, ते तुमच्या गळाच्या तासाशी जोडू नका. दुसरा आकडा पीएसडी, म्हणजे ८ इंचांच्या वरच्या बासपैकी १२ इंचांच्या वरचे किती टक्के. ४० ते ७० असेल तर घर संतुलित आहे. २० असेल तर प्रश्न ११ वालं प्रकरण. ९० असेल तर मोठे भरपूर आहेत पण खालून नवीन पिढी येत नाहीये.

एक मर्यादा आहे. वीज फार खोल पोचत नाही, त्यामुळे स्वच्छ, खोल लेकचा सर्व्हे नेहमीच कमी मासे दाखवतो. उथळ गवताच्या लेकचा जास्त. फ्लोरिडाचा ओकीचोबी ७३० चौरस मैल आहे पण सरासरी खोली ९ फुटांच्या आसपास, त्याची आणि एखाद्या खडकाळ खोल धरणाची अशी तुलना करणं अन्याय आहे. एकाच लेकचे वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवलेत तर मात्र हा रिपोर्ट अतिशय कामाचा आहे.

१३. टूर्नामेंटच्या वजनांवरून लेक ठरवावा का?

ठरवा, पण पहिल्या नंबरकडे बघू नका. जिंकणाऱ्याला एखादी जागा सापडलेली असते. विसाव्या नंबरची पाच माशांची बॅग (पाचही माशांचं मिळून वजन) किती भरली आणि किती जणांना पाच मासे पूर्ण करता आले हे बघा. विसावा माणूस १५ पाऊंड घेऊन आला, म्हणजे सरासरी ३ पाऊंडी मासा, तर तो लेक खरंच भरलेला आहे. आणि त्याच महिन्यातल्या स्पर्धा एकमेकांशी लावा. मार्चमधला सॅम रेबर्न आणि ऑगस्टमधला टोलेडो बेंड या दोन लेकची वजनं शेजारी ठेवून काही कळत नाही.

१४. उन्हाळ्यात गेलो तर काहीच लागत नाही, लेक खराब झाला का?

लेक तोच आहे, मासा हलला. पाणी ६० ते ७० डिग्री फॅरनहाइटमध्ये असताना बास उथळ पाण्यात अंडी घालायला येतो, तेव्हा तो सगळ्यांना सापडतो. जुलैत तो सावलीत, गवतात किंवा खोल कडांवर असतो. उन्हाळ्यात बऱ्याच लेकमध्ये खालच्या थंड थरात ऑक्सिजन उरत नाही, त्यामुळे ३० फुटांचा लेक असला तरी मासे वरच्या १५-२० फुटांतच असतात. म्हणून वहीत ऋतू लिहा.

१५. नदीच्या मुखाजवळ, भरती-ओहोटीच्या पाण्यात बास असतो का? तिथे कसं?

असतो, आणि हा खरा अवघड अपवाद आहे. टेक्सास-लुइझियाना किनाऱ्याजवळच्या साबीन नदीच्या खालच्या भागात बास भरपूर आहेत, अंगाने गोल गरगरीत, म्हणजे प्रश्न ४ च्या मापाने एकदम पास, तरी ते फार मोठे होत नाहीत. खारट पाणी आत-बाहेर होत असतं, त्यात जगायला ताकद जाते. म्हणून तिथल्या काही काउंटींमध्ये ठेवायच्या माशाची मर्यादा राज्यातल्या नेहमीच्या १४ इंचांऐवजी १२ इंच केली. तिथे दिवसभर मजा घ्या, ८ पाऊंडांची आशा धरू नका.

१६. वर्ल्ड रेकॉर्ड जिथे निघाला ते पाणी जगात सगळ्यात चांगलं ना?

बिलकुल नाही. १९३२ चा २२ पाऊंड ४ औंसांचा मासा जॉर्जियातल्या नदीच्या एका जुन्या तुटलेल्या वळणात निघाला. २००९ मध्ये त्याच्या बरोबरीचा जपानच्या बिवा लेकमध्ये निघाला, तो किंचित जड होता पण रेकॉर्ड मोडायला २ औंस जास्त लागतात म्हणून बरोबरी धरली. कॅलिफोर्नियात डिक्सन लेकमध्ये २००६ मध्ये २५ पाऊंड १ औंसाचा मासा हाती आला, गळ तोंडात नसून अंगात अडकला होता म्हणून सोडून दिला, आणि तो लेक आहे जेमतेम ७० एकरांचा. तिथले बास रेनबो ट्राउट खाऊन वाढतात, जे सरकार लोकांच्या फिशिंगसाठी सोडतं. हे सगळं एकेका माशाचं नशीब आणि खाणं. तुमच्या शनिवारचा त्याच्याशी संबंध नाही.

१७. आई-बाबा भारतातून येतायत, बाबांना घेऊन जायचंय, लायसन लागेल का? कुठे नेऊ?

टेक्सासमध्ये १७ वर्षं आणि त्यावरच्या माणसाला लायसन लागतं, पाहुण्यांना बाहेरच्या राज्याचं, एका दिवसाचंही मिळतं. पण स्टेट पार्कच्या आत काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकला तर लायसन लागत नाही, पार्कची एंट्री फक्त भरा. बाबांना संख्येचं पाणी दाखवा, मोठ्या माशाचं नको. सावली, खुर्ची, धक्का आणि ब्लूगिल-बासची मिश्र तळी. पहिला मासा अर्ध्या तासात लागला पाहिजे.

१८. आपल्याकडे उजनी, कोयना एवढी मोठी धरणं आहेत, तिथे बास सोडला तर?

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतो, आणि माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. उजनीत बाहेरून आलेल्या चिलापीने काय केलंय ते तिथल्या कोळी बांधवांना विचारा, जाळ्यात मूळचे मासे किती आणि चिलापी किती. बास तर त्याहून आक्रमक, दुसऱ्यांची पिल्लं खाणारा. जपानमध्ये आता बास जिवंत नेणं-आणणं कायद्याने बंद आहे, आणि बिवा लेकमध्ये पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाही मनाई आहे. आपल्याकडे मरळ आहे. गवताच्या कडेला टॉपवॉटर बेडूक (पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष) टाका, ती जसा हल्ला करते तसा मी टेक्सासमध्येही फार वेळा बघितला नाही.